ओसरती पकड

१४ एप्रिल

आजही वक्र जुळला नाही! कार्बनचे थर वेगळे तपासले तर शहाण्यासारखे वागतात. काचेच्या धाग्यांचे थर वेगळे तपासले तर तेही वागतात, थोडे आळसाने. पण दोन्ही एकावर एक चिकटवून एक पट्टी केली की तिसरंच कोणीतरी जन्माला येतं. पहिले काही आठवडे माझी रेघ आणि प्रयोगाचे ठिपके हातात हात घालून चालतात. मग ठिपके खाली उतरायला लागतात आणि माझी रेघ मख्खासारखी पुढे जात राहते.

टॉर्किल्ड मागे उभा राहून बघत होता, हातात केकची बशी. (प्रयोगशाळेत कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच.) म्हणाला, "सोल्वाय, तुझी रेघ सुंदर आहे. खोटी आहे, पण सुंदर आहे." विभागप्रमुख असून हा माणूस असा बोलतो, म्हणून सगळे त्याच्यावर रागावतात आणि सगळे त्याच्याकडेच जातात.

डोकं मोकळं व्हावं म्हणून इथे साधं करून लिहिते. पट्टीला वजन टांगलं, की ती वर्षानुवर्षं केसाकेसाने लांबत जाते – ते क्रीप. पट्टी दाबून जखडून ठेवली, की जाडी तेवढीच राहते, पण आतला जोर हळूहळू ओसरतो – ते रिलॅक्सेशन. पहिलं डोळ्यांना दिसतं. दुसरं दिसत नाही. बरणीच्या तोंडाला ताणून बसवलेलं रबर वर्षाने काढून बघावं: बरणीवर होतं तोवर आकार तोच, पण धरून ठेवायची इच्छा संपलेली.

घरी आले तर माझ्या नवऱ्याने, एस्बेनने, बटाटे करपवले होते. आम्ही करपलेला भाग कुत्र्याला दिला. त्यानेही नाकारला.

१५ एप्रिल

जुळला नाही.

२२ एप्रिल

पाणी! पाणी आहे ते!

काही नमुने वर, कोरड्या खोलीत जखडलेले आहेत. काही तळघरात. तळघर ओलं असतं – भिंतीला हात लावला तर कळतं. मी दोघांचे ठिपके एकाच कागदावर मांडत होते. आज वेगवेगळ्या रंगात मांडले. कोरडे सगळे माझ्या रेघेवर. ओले सगळे खाली! काचेच्या थरांत धाग्यांना चिकटवून धरणारी राळ जास्त असते, ती ओलावा पिते, मऊ पडते, दाबाखाली हळूहळू सैल होते. कार्बनच्या थरांना फारसा फरक पडत नाही. आणि मी वेडी सगळ्या थरांना एकच काळ लावत होते!

संध्याकाळपर्यंत मॉडेल बदललं. प्रत्येक थराला त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगा, तेलात सरकणारे स्वतःचे दट्टे, स्वतःचं घड्याळ. आणि त्या घड्याळाला ओलाव्याची किल्ली. रेघ ठिपक्यांवरून अशी गेली, जशी सुई कापडातून. मी खुर्चीतून उठून नाचले. दार उघडंच होतं.

टॉर्किल्ड म्हणाला, "आता ही रेघ कुरूप आहे. म्हणजे खरी असावी."

३० एप्रिल

आज प्रार्थनेच्या सणाची आदली संध्याकाळ, म्हणजे गव्हाचे गरम पाव. इंगेलिसे आली – एस्बेनची आई – तिचा वॉकर ढकलत, पुलावरून, खाडीच्या पलीकडून. "सुट्टी सरकारने काढून घेतली," ती दारातच म्हणाली, "पाव काढून घ्यायला कोण येतंय बघते!" चाळीस वर्षं शाळेत शिकवलं तिने. अजूनही खोलीत शिरली की मी ताठ बसते.

पूल झाल्यापासून ती रोज येते. आधी हेस्टनेसच्या या काठावरून त्या काठावर जायचं म्हणजे खाडीला वळसा घालणारी बस, मध्ये एकदा बदलायची. एस्बेनने हा पूल तिच्यासाठी बांधला असं तो कधीच म्हणत नाही. नगरपालिकेने बांधला, त्याने फक्त आरेखन केलं, असं म्हणतो. पण उद्घाटनाच्या दिवशी फीत कापल्यावर पहिला वॉकर कोणाचा गेला, ते सगळ्या गावाने पाहिलंय.

पाव लोण्यात बुडवत मी माझ्या ओल्या-कोरड्या ठिपक्यांची गोष्ट सांगत होते. एस्बेन हसत म्हणाला, "मग आपली कामं भावंडं निघाली. पूल ज्यांवर तोललाय ते पट्टेही तसेच आहेत. नुसत्या कार्बनचे परवडले नसते. मध्ये काच घातली."

"टोकाला कसे धरलेत?" मी विचारलं.

"दोन पोलादी पाट्यांच्या मध्ये. बोल्टने आवळून. का?"

"काही नाही."

इंगेलिसेने माझ्याकडे पाहिलं. मग लोणी मागितलं.

५ मे

पुलाच्या टोकाचे आकडे मॉडेलमध्ये घातले. एस्बेनचं आरेखन नगरपालिकेच्या संकेतस्थळावर कोणालाही बघायला मिळतं – चोरी केलेली नाही. तरी दार लावून बसले.

त्याच्या हिशोबात बोल्टचा आवळ पन्नास वर्षांत थोडासा उतरतो. हिशोब चूक नाही. कोरड्या राळेच्या पुस्तकी आकड्यांवर अगदी बरोबर आहे. पण पुलाचं टोक खाडीच्या पाण्यापासून हातभर वर आहे. ओला आकडा घातला, तर आवळ तिसऱ्या वर्षातच जवळजवळ निम्मा. पूल रिकामा असेल तर तेवढाही पुरतो. माणसांनी भरला, तर पट्टा पाट्यांमधून सरकू शकतो.

तिसरं वर्ष. म्हणजे हे.

पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. माझ्या आकड्यांतली एकेक शंका त्याच्या बाजूने झुकवली. तरी सुटका नाही.

टॉर्किल्डला दाखवलं. त्याने एकेक आकडा बोटाने तपासला. मग म्हणाला, "बायको म्हणून दाखवतेयस की इंजिनिअर म्हणून?"

"त्याने आकडे बदलतात का?"

"आकडे नाही बदलत. मी काय उत्तर द्यायचं ते बदलतं."

इंजिनिअर म्हणून, म्हटलं. मग म्हणाला: तुझे नमुने तळहाताएवढे आहेत आणि पट्टे पुरुषभर रुंद, कदाचित ओलावा इतका आत पोचतच नसेल, तू चुकत असण्याची शक्यता चांगलीच आहे. आणि मग: "तरी मी आज त्या पुलावर ढोल वाजवत जाणार नाही."

९ मे

सांगितलं.

जेवण झाल्यावर, कॉफी ओतून, अगदी ठरवून ठेवलेल्या वाक्यांनी. त्याने सगळं ऐकलं. कागद उलटसुलट पाहिले. चष्मा काढला.

"सोल्वाय, माझा पूल दोन वर्षं जागचा हललेला नाही."

"हलणारच नाही. तेच तर. आकार बदलत नाही, जोर जातो."

"म्हणजे हलला तर तू बरोबर, आणि नाही हलला तरी तूच बरोबर? असलं शास्त्र मलाही शिकव."

मी म्हटलं, बोल्ट मोजू या. तो म्हणाला, पुलाला तीन वर्षं झाली नाहीत आणि आरेखन करणाराच बोल्ट मोजायला निघाला, तर माझी कंपनी काय समजेल, गाव काय समजेल? मी म्हटलं, गाव जिवंत तर राहील समजायला! हे ठरवून ठेवलेलं वाक्य नव्हतं.

मग तो अगदी हळू म्हणाला, "तुझं मॉडेल आहे. तुझ्या तळघरातलं." आणि कप धुवायला उठला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१० मे

दिवसभर दोघंही फक्त कुत्र्याशी बोललो.

१९ मे

एस्बेन स्ट्रॉबेरी घेऊन आला! यंदाच्या पहिल्या, महागड्या, आंबटढाण. नगरपालिकेच्या माणसांकडून त्याने पुलाचा झोल, म्हणजे मध्यावर तो किती खाली वाकलाय ते, मोजून घेतला. उद्घाटनाच्या दिवशी होता तेवढाच. केसाचाही फरक नाही. मला कंबरेला धरून त्याने स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. कितीतरी दिवसांनी.

झोल मोजून काही कळत नाही हे मला माहीत आहे. झोल म्हणजे पट्ट्याची लांबी. पट्ट्याला धरणाऱ्या हाताबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

मी स्ट्रॉबेरी खाल्ल्या. गप्प बसले. इतकी सुंदर संध्याकाळ होती.

२१ मे

झोलाबद्दल आज बोलले. त्याला ते येणार हे ठाऊक असल्यासारखा तो ऐकत होता. "तुझं समाधान कशानेच होणार नाही," एवढंच म्हणाला. झोपायला पाहुण्यांच्या खोलीत गेला.

मी चुकत असेन तर? टॉर्किल्ड म्हणालाच आहे. एका तळघराच्या जोरावर मी माणसाचं सगळ्यात लाडकं काम मोडीत काढते आहे. गाडीत हाच विचार, आंघोळीत हाच विचार. आज नमुने पुन्हा पाहिले. बिचारे नमुने! त्यांना काय, ते जखडलेले आहेत, सैल होतायत, कोणाशी भांडण नाही.

३ जून

बेकरीच्या दारावर कागद लागलाय. यंदा संक्त हान्सच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, रात्रीची शेकोटी काठावर नाही. तराफ्यावर, खाडीच्या मध्यभागी! "पुलावरून सर्वांना उत्तम दिसेल." खाली ठळक अक्षरांत: भाषण – इंगेलिसे.

सगळं हेस्टनेस. पोरं खांद्यावर घेतलेले बाप, बिअरचे खोके, म्हातारी मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन. मध्यावर गर्दी करून उभे. त्या पुलावर इतकी माणसं आजवर एका वेळी कधी उभी राहिलेली नाहीत.

पाव न घेताच परत आले.

नगरपालिकेत बोडिल आहे, पूल-रस्ते तिच्याकडे. तिला फोन करायला नंबर लावला. वाजायच्या आत बंद केला. नवऱ्याला ओलांडून जायचं तर आधी नवऱ्याला सांगून जायला हवं. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जा. मी अडवणार नाही." पण त्याचा चेहरा! जणू मी घर सोडून जाते आहे असं सांगितलं होतं. फोन पुन्हा लावला नाही.

८ जून

इंगेलिसे आज मुद्दाम एस्बेन नसताना आली. वॉकर दाराशी लावला, बसली, आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "तुम्ही दोघं महिनाभर माझ्यामार्फत मीठ मागताय. काय झालंय?"

मी सांगितलं. रबर, बरणी, बोल्ट, ओलं तळघर, सगळं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही.

"म्हणजे माझ्या मुलाचा पूल पडेल."

"पडेल असं नाही म्हणत मी. भरला तर पकड सुटू शकते म्हणतेय. आणि मी चुकतही असेन."

"तो म्हणतो सुटणार नाही."

"हो."

"मग मी कोणाचं ऐकू?"

"मला माहीत नाही, इंगेलिसे."

"शाळेत असतानाही मला हेच उत्तर देणारी पोरं आवडायची," म्हणाली. "पण त्यांना मार्क देता यायचे नाहीत."

मग पुलावरूनच घरी गेली. मी खिडकीतून तिचा वॉकर पलीकडे पोचेपर्यंत बघत उभी राहिले.

१० जून

हे नीट लिहायला हवं.

एस्बेन बागेत कुंपणाला रंग देत होता. कॉफीची वेळ झाली. इंगेलिसे आली नाही. थोड्या वेळाने कोपऱ्यावर बस थांबली. मागचं दार उघडलं. आधी वॉकर उतरला – ड्रायव्हरने उतरवला – आणि मग इंगेलिसे. टोपी वाकडी झालेली. चेहरा लाल. मध्ये बस बदलताना तिला बराच वेळ उभं राहावं लागलं असणार.

एस्बेन हातात ब्रश घेऊन तसाच उभा. रंग बुटावर गळत होता.

"पूल बंद आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे. का?"

"मग बसने कशाला आलीस?"

"मला आज बसने यावंसं वाटलं." तिने टोपी सरळ केली. "खिडकीजवळ जागा मिळाली. फार छान दिसतं वळसा घालताना. कॉफी झाली का?"

एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळा वेळ रुबार्बच्या केकबद्दल बोलत होती. जाताना म्हणाली, परतीची बस अमुक वाजता आहे, कोणी थांब्यापर्यंत सोबत आलं तर बरं. एस्बेन गेला सोबत. परत यायला त्याला फार उशीर लागला. आला तेव्हा डोळे सुजलेले.

११ जून

सकाळी त्याने बोडिलला पत्र पाठवलं. मला आधी वाचायला दिलं. चार ओळी. आरेखनकर्ता म्हणून माझी शिफारस आहे की बोल्टचा आवळ मोजला जाईपर्यंत पूल बंद ठेवावा. मूळ हिशोबात ओलाव्याचा परिणाम धरलेला नव्हता. सोबत जोडलेला हिशोब माझी पत्नी सोल्वाय हिचा आहे. तो मला ग्राह्य वाटतो.

"ग्राह्य?" मी म्हटलं.

"जास्त गोड शब्द सुचला नाही."

दोघंही हसलो. मग मी रडले. त्याचा बॉस दुपारी फोनवर काय म्हणाला, ते त्याने सांगितलं नाही, पण फोन ठेवल्यावर तो बराच वेळ भांडी घासत होता. सगळी भांडी स्वच्छच होती.

१५ जून

पूल बंद. दोन्ही तोंडांना लाल-पांढरे अडसर. मोजणी करणारी माणसं होडीसकट जुलैच्या सुरुवातीला मिळतील. त्याआधी सगळे सुट्टीवर!

बेकरीवाला म्हणाला, "नवऱ्याने बांधला, बायकोने बंद केला. तुमच्या घरात स्वयंपाकाचं पण असंच चालतं का?" सगळी रांग हसली. एका बाईला मात्र हसू आलं नाही. तिची दोन मुलं त्या पुलावरून सायकलने शाळेत जातात, आता त्यांना गाडीने सोडावं लागतंय. "तुमच्या कॉम्प्युटरला विचारा, माझी नोकरी कोण करणार," म्हणाली. राय धान्याचा काळा पाव घेतला आणि निघाले.

२३ जून

शेकोटी झाली. तराफा दोऱ्यांनी ओढून आमच्या काठाजवळ आणला. माणसं गवतावर, दगडांवर, होड्यांत. पलीकडच्या काठावरचे पलीकडेच राहिले. त्यांची गाणी पाण्यावरून अर्ध्या ओळीने उशिरा ऐकू येत होती. मध्ये पूल, रिकामा, काळा.

कुरकुर होतीच. इंगेलिसेला खुर्चीवर उभं करायला निघाले, तिने हात झटकून टाकले. वॉकरला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा मला पुलावरून बोलायचं होतं. माझ्या मुलाने ते होऊ दिलं नाही. चाळीस वर्षं मी गावातल्या पोरांना सांगत आले, की उत्तर चुकलंसं वाटलं तर खोडा, आणि पुन्हा मांडा. चाळीस वर्षांत कोणी ऐकलं नाही. यंदा एकाने ऐकलं, आणि नेमकी माझीच जागा गेली!"

लोक हसले. बेकरीवालाही. मग दरवर्षी शेकोटीवर ठेवतात ती गवताची चेटकीण पेटली, आणि सगळे गायले. एस्बेनचा हात माझ्या खिशात होता, माझ्या हातासकट. मला वाटलं, जे काय आकडे येतील ते येवोत.

१ जुलै

मोजले.

आमच्या काठाचं टोक पाण्यावर आहे, तिथे होडी लावली. बोडिलने मला बोलावलं होतं. मोजणारा मुलगा बोल्टच्या डोक्याला यंत्र टेकवायचा आणि आकडा सांगायचा. पहिले दोन ऐकून मी वहीवरून नजर उचलली नाही. माझ्या रेघेपेक्षाही थोडे खाली. सगळे.

भरलेल्या पुलावर पट्टा सरकला असता का? बोडिलने विचारलं. खरं सांगायचं तर कोणालाच सांगता येणार नाही. सरकला नसताही. मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मला यापुढे संक्त हान्सला झोप येईल, एवढं पुरे." पाट्या बदलायच्या, काचेच्या थरांना ओलावा लागू नये असं वेष्टन घालायचं, आवळ दरवर्षी मोजायचा. शरद ऋतूपर्यंत पूल पुन्हा सुरू.

टॉर्किल्डला फोन केला. "अभिनंदन," म्हणाला, आणि जरा थांबून, "आणि अरेरे."

उद्या पलीकडचं टोक. ते सोपं आहे, काठावरच्या झाकणातून हात पोचतो.

२ जुलै

पलीकडच्या टोकाचे सगळे बोल्ट घट्ट. अगदी नव्यासारखे. मला क्षणभर वाटलं, चुकले मी. मग बोडिलने बॅटरी धरली. बसवताना नट आणि पाटीवरून मिळून ओढलेली रंगाची रेघ प्रत्येक ठिकाणी तुटून सरकलेली होती. कोणीतरी फिरवले होते.

घरी आल्यावर विचारलं. एस्बेनने लगेच सांगितलं. "मेमध्ये. तू सांगितलंस त्याच्या पुढच्याच रविवारी. पाना लावला आणि सहज फिरले, सोल्वाय. इतके सैल होते. दुसऱ्या टोकाला होडी लागते. मग झोल बरोबर निघाला, आणि मी स्वतःला म्हटलं, पुरे."

महिनाभर त्याची आई रोज त्या पुलावरून येत होती. महिनाभर मी आंघोळीत, गाडीत, तळघरात स्वतःला विचारत होते, मी चुकत असेन तर? उत्तर पाहुण्यांच्या खोलीत झोपलेलं होतं.